एकशे अठरा ग्रॅम, सेल सोडून

३ जून
आजपासून खालचं कुरण माझं. म्हणजे होणार आहे. चहाच्या वेळी बाबांकडून कबूल करून घेतलं: दहा जुलैच्या सुमारास, इथल्या ऐन हिवाळ्यात, मेंढ्या व्यायला लागतील. त्याआधी मी एकटीनं कोल्ह्याचा बंदोबस्त केला, तर यंदा कुरणात विष घालायचं नाही आणि तिथल्या ऐंशी मेंढ्या मी माझ्या पद्धतीनं सांभाळायच्या. नाही जमलं तर नेहमीसारखे विष भरलेले मांसाचे तुकडे.
गेल्या वर्षी कोल्ह्यानं अकरा कोकरं नेली. विषानं मात्र शेजारच्या आयव्हरची कुत्री गेली. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी बोलणार आहे.
संकल्प: एक कोल्हा, एक गोळी, विष शून्य.
माझ्या पदवीची चौकट आज घरातल्या बोळात लागली. घराण्यातली पहिली पदवी. एका बाजूला १९८८च्या प्रदर्शनात एडक्याला मिळालेली फीत, दुसऱ्या बाजूला माश्या मारायची जाळी. खिळा तिरका ठोकलाय. मी मोठ्या मनानं काही बोलले नाही.

४ जून
आमच्याकडे कोल्हा कसा मारतात ते लिहून ठेवते. लवकरच ही पद्धत इतिहासजमा होईल.
माझा भाऊ डार्सी पिकअप चालवतो. बाबा रायफल धरतात. आणि मागच्या हौद्यात उभं राहून कुणीतरी दिवा फिरवतं. दिवा भोपळ्याएवढा, वायर गाडीच्या बॅटरीला. मी नऊ वर्षांची झाले तेव्हापासून ते कुणीतरी म्हणजे मी.
एका कोल्ह्यामागे तीन माणसं! रायफलवरच एक हलका टॉर्च बसवला की एक माणूस पुरे. हे कुणाला सुचू नये?
बाबा म्हणाले, दिवा एकाच्या हातात नि रायफल दुसऱ्याच्या, हे काही उगाच नाही. का, ते सांगितलं नाही. कारण नसणारच.

९ जून
तक्ता पूर्ण. चौदा टॉर्च, सात निकष. उजेडाचा पल्ला, लाल काच (लाल उजेडाला कोल्हा बुजत नाही), पावसात टिकाव वगैरे. वजनाला दुप्पट गुण, कारण जड टॉर्चनं नेम हलतो. सहा संध्याकाळी गेल्या, पण पाया पक्का हवा.
डार्सीनं तक्ता वाचला. म्हणाला, झकास आहे, पण यात कोल्ह्याचा रकाना कुठे दिसत नाही. दहावीत शाळा सोडलेल्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा नाही.

१२ जून
तालुक्याच्या गावी बंदुकांच्या दुकानात गेले, फक्त खात्री करायला. दुकानदार म्हणाला, पोरी, टॉर्च कुठलाही घे, पण रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीवर बसव. नळीवर नको. जुन्या नळीच्या गळ्यात काही अडकवलं की ती बिघडते.
मी विचारलं, याला आधार काय?
म्हणाला, चाळीस वर्षं.
याला आधार म्हणत नाहीत. मी नळीवर बसवायचीच पकड मागवली. तक्त्यात तिला एक्केचाळीस गुण होते.

१९ जून
टॉर्च आला! स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. बरोबर एकशे अठरा ग्रॅम. सगळ्यांना बोलावून काटा दाखवला.
आई बटाटे सोलता सोलता म्हणाली, सेल धरून का सोडून?
सेल घातल्यावर दोनशे बारा.
ही शुद्ध फसवणूक आहे. माहितीपत्रकात तळटीप होती म्हणे, पण ती इतक्या बारीक अक्षरात की सुशिक्षित माणूसही वाचणार नाही.

२० जून
स्वयंपाकघराच्या टेबलावर जोडणी. बाबा म्हणाले, आधी बोल्ट काढ. (बोल्ट काढला की रायफल म्हणजे नुसती काठी.) मी काढणारच होते.
पकड नळीला सैल बसते. नळीचा घेर मोजायचा राहिला, कारण तक्त्यात तो निकष नव्हता. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. डार्सी म्हणाला, गेल्या साली मी कुंपणाला ट्यूब बांधली तेव्हा तू मला आदिमानव म्हणाली होतीस ना? तो त्याचा जुगाड होता. ही रबरी भर आहे.

२३ जून
दिवसा उजेडी नेम तपासला. पाच गोळ्या. पाचही खुणेच्या डावीकडे, वीतभर लांब. वारा असावा.
डार्सी म्हणाला, पानही हललं नाही, बाईसाहेब. मी म्हटलं, हलू शकलं असतं.

२५ जून
टॉर्च नळीवरून काढून दुर्बिणीवर बसवला. आता गोळ्या खुणेवर. हा निष्कर्ष मी स्वतंत्रपणे काढला. दुकानदाराचा काही संबंध नाही.

२८ जून
काल तिन्हीसांजेला पहिली फेरी. एकटी! डोळ्यांच्या एकशे साठ जोड्या चमकल्या. मेंढ्या ऐंशी असल्यानं काही जोड्या दोनदा मोजल्या असाव्यात. कोल्हा आला नाही. दबला असणार.
परत आल्यावर बाबांनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी मेंढ्यांचा आकडा सांगितला. त्यांनी माझ्या हातातली रायफल घेऊन कपाटात ठेवली. कौतुक त्यांना बोलून दाखवता येत नाही.

१ जुलै
टॉर्चचे अनपेक्षित फायदे लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोग होईल.
फाटकाची कडी अंधारात सापडत नसे, आता लांबूनच दिसते. पाण्याच्या हौदात मेलेलं पाखरू आहे का ते कळलं. दोरीवर आईचे कपडे राहिले होते, तेही दिसले. आई दोरीपाशीच होती. तिनं हातातली चादर खाली टाकली नि आत गेली. थंडी फार आहे.
रायफल खांद्याला लावायची, बटण दाबायचं, जे हवं ते बघायचं. इतकं सोपं! बोल्ट उघडाच ठेवते, म्हणजे गोळी सुटत नाही. मी काही मूर्ख नाही.

४ जुलै
काल रस्त्यावर एक पिकअप थांबली. कोण आहे ते बघायला टॉर्च मारला. दोनशे मीटरवरून नंबरप्लेट स्वच्छ वाचता आली. आयव्हर होता. त्यानं गाडी जी मागे घेतली ती थेट त्याच्या स्वतःच्या फाटकापर्यंत. हात करायची साधी रीत नाही. कुत्री गेल्यापासून माणूस तुटक झालाय. त्याच्यासाठीच तर मी हे सगळं करते.
सकाळी त्याचा बाबांना फोन. बाबा नुसतं हं, हं म्हणत होते. फोन ठेवून मला म्हणाले, तो टॉर्च हातात धरून वापर.
हातात! मग सात निकषांचं काय?

७ जुलै
कोल्हा दिसला!! बांधाच्या पाण्याजवळ, साठ पावलांवर. कान, शेपूट, सगळं. श्वास रोखला. नेम धरला. टॉर्च दोनदा मिचमिचला नि विझला.
सेल संपले. नवे सेल घरी, ड्रॉवरमध्ये. (जवळ बाळगले असते तर वजन वाढलं असतं.)
डार्सी म्हणाला, कपडे, कडी, मेलेली पाखरं बघण्यात संपले असतील. उद्या जोडीला मी येतो, दिवा धरतो, तू मार. मी नाही म्हटलं. कराराप्रमाणे एकटीनंच. तत्त्व म्हणजे तत्त्व.

९ जुलै
कालचं लिहायला हवं.
संध्याकाळी साडेसहाची वेळ. नवे सेल घातलेले. टेकाडाखाली कुंपणालगत काहीतरी हललं, खाली वाकलेलं. रायफल खांद्याला, बटण दाबलं.
लाल उजेडात बाबा.
हातात ओलं कोकरू. दोन दिवस आधीच झालेलं, यंदाचं पहिलं. बाबा ओरडले नाहीत. होते तिथे उभे राहिले, मग कोकरू छातीशी धरून हळूच वळले, पाठ माझ्याकडे करून.
मी टॉर्च बंद केला. ते चालत वर आले. कोकरू माझ्या हातात दिलं, रायफल घेतली, बोल्ट काढून शर्टाच्या खिशात टाकला.
विचारलं, काय बघत होतीस?
मी म्हटलं, कोण आहे ते.
म्हणाले, मग? कळलं?
जेवताना आईनं माझ्या ताटात वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.
बोल्ट उघडा होता. बहुतेक.

१० जुलै
पहाटे कोल्ह्यानं दोन कोकरं नेली. त्यातलं एक परवाचं.
बाबा विष आणायला गेले. मी अडवलं नाही. फाटकांवर पाट्या लावाव्या लागतात आणि शेजाऱ्यांना आधी सांगावं लागतं. बाबा म्हणाले, पाट्या तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. म्हणजे मजकुराची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. तीन पाट्या झाल्या. 'सावधान. विष घातले आहे. कुत्री बांधून ठेवा.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही.
आयव्हरकडे सांगायला मीच गेले. त्यानं दार उघडलं नि विचारलं, टॉर्च आणलायस का? का हात वर करू? मी पाटीवरचंच वाक्य म्हटलं. त्यानं नवं पिल्लू आणलंय, तीन महिन्यांचं. माझ्या बुटांचा वास घेत होतं. त्यानं ते उचलून आत नेलं.
शेवटची पाटी टांगताना अंधार झाला. टॉर्च दुर्बिणीवरून काढून नेला होता. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातानं तार पिळली. हातात धरला की अगदीच हलका लागतो.
वजनाचे गुण मी बरोबर दिले होते.