कांद्याला काही झालं नाही

२६ फेब्रुवारी

टोमॅटोचे शेंडे वळलेत. कुणीतरी बोटांत धरून पीळ द्यावा तसे. घेवड्याची पानं वाटीसारखी मुडपली आहेत आणि झेंडूची रोपं माना टाकून बसलीत.

सकाळी जाऊबाईंनी भिंतीवरून हाक मारली. "अगं, जरा इकडे ये. तुला औषधांतलं कळतं." मला माणसांच्या औषधांतलं कळतं, झाडांच्या नाही, असं म्हणून मी हसले. हसायला नको होतं. रोपं बघितल्याबरोबर मला खताची पोती आठवली होती.

का आठवली ते आज लिहवत नाही.

२७ फेब्रुवारी

लिहिते. इथे नाही तर कुठे लिहिणार?

गेल्या वर्षी जाऊबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. थोरले दीर जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा लांब. घरी आणल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जेवण कोमट झालं की जेवायच्या, म्हणजे वाढणाऱ्याने ताट ठेवून निघून जावं. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि जन्मभर बाग केलेल्या बाईने वाकायचं नाही म्हणजे काय करायचं?

मग सुताराला बोलावून अंगणात चार लाकडी पेट्या करून घेतल्या. कमरेइतक्या उंच, वर मातीचा वाफा. उभ्या उभ्या हात घालता येतो, दमलं तर कडेला टेकता येतं. कल्पना माझी. पहिल्या आठवड्यात त्या वॉकर घेऊन दारापर्यंत आल्या, दुसऱ्या आठवड्यात वाफ्यापर्यंत. व्यायाम शिकवणारी बाई म्हणायची, "माझ्या हाताला यश आलं."  खरं तर यश वाफ्यातल्या पालकाला आलं होतं.

आता खत. या जानेवारीत तीन रविवार मी त्यांना "आणते, आणते" म्हणत होते. शेवटी गावाबाहेरच्या तबेल्यातून सहा पोती आणली. पोती गाडीत चढवून होईपर्यंत घोडेवाल्याने मला दोनदा सांगितलं – "ताई, हे भाजीला लगेच घालू नका. चाऱ्यावर तणनाशक मारतात, ते घोड्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं. वर्षभर पडू द्या." मी हो हो म्हणाले. ऐकलं नव्हतं असं नाही. नीट ऐकलं. पण खत काळंभोर दिसत होतं, वास येत नव्हता. आणि जाऊबाई सकाळपासून हातमोजे घालून बसल्या होत्या. म्हटलं, या लोकांचं काहीतरी ऐकीव.

एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे. रोज शंभर जणांना सांगते, आधी चिठ्ठी वाचा, मग गोळी घ्या.

२८ फेब्रुवारी

कान तुटलेले दोन कप घेतले. एकात नुसती माती, दुसऱ्यात माती आणि त्या पोत्यातलं खत. दोन्हींत घेवड्याचे तीन-तीन दाणे. मोरीच्या खिडकीत ठेवलेत.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"घेवडा."

"कपात?"

"हो."

पुढे काही विचारलं नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली की माणूस पुढचं विचारत नाही.

खात्री झाली की जाऊबाईंना सांगेन. उगाच अर्धवट कळल्यावर कशाला सांगायचं?

२ मार्च

आज जे केलं ते खतापेक्षा वाईट आहे.

जाऊबाईंकडे सकाळी एक बाई येते. झाडांना पाणी घालते, तण काढते, मग घरातली फरशी पुसते. जाऊबाई तिला पाणीबाई म्हणतात, म्हणून सगळेच म्हणतात. चाळिशीची असेल. बोलणं कमी, काम चोख. वर्ष होईल तिला आता.

मी गेले तेव्हा जाऊबाई वाफ्याला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज चढला होता. "फरशीची बादली आणि झाडांची बादली एकच वापरतेस तू. मी डोळ्यांनी बघितलंय. फिनेल घातलंस माझ्या झाडांना."

"दोन पाण्यांनी विसळून घेते, मोठ्या ताई." पाणीबाई शांतपणे म्हणाली. "आणि बादलीचं असतं तर कांदा कसा उभा राहिला? मका बघा. त्याला काय झालंय? पाणी सगळ्यांना त्याच बादलीचं."

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. त्या तणनाशकाने कांदा-मका मरत नाही, रुंद पानांचं तेवढं मरतं – हे मी काल दुपारीच वाचून काढलं होतं. ती न वाचता, नुसतं बघून तिथे पोचली होती.

"मला शिकवू नकोस," जाऊबाई म्हणाल्या.

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. "धाकट्या ताई, तुम्ही सांगा. तुम्हाला कळतं."

मी म्हणाले, "फिनेलने होऊ शकतं."

होऊ शकतं. खोटं नाही, शक्यता सांगितली. दुकानात अशी उत्तरं मी रोज देते. तिने बादली पालथी घातली, हात पुसले आणि गेली.

३ मार्च

पाणीबाई आली नाही. जाऊबाईंनीच निरोप पाठवला म्हणे, उद्यापासून नको.

सकाळी सहा वाजता जाग आली आणि नळाचा आवाज नव्हता.

५ मार्च

दुकानात दुपारी एक प्रकार झाला. माझ्यासोबत काउंटरला असते ती माझ्याच वयाची आहे, तिने एका म्हाताऱ्या गृहस्थांना दुप्पट ताकदीच्या गोळ्या दिल्या. ते गेल्यावर तिच्या लक्षात आलं. "अगं बाई" म्हणाली आणि तशीच सपाता फटफटवत रस्त्यावर पळाली. बस थांब्यावर त्यांना गाठलं. सगळ्यांसमोर सांगितलं, माझी चूक झाली, पुडी परत द्या. परत आली तेव्हा धापा टाकत होती. पाणी प्यायली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बोला."

ती दोनशे पावलं तरी पळाली असेल. मला एक भिंत ओलांडायची आहे.

८ मार्च

दोन्ही कपांत घेवडा उगवला. दोन्हीकडे सारखाच, हिरवागार. इतकं हलकं वाटलं – मी नव्हतेच, फिनेलच असेल. मग लक्षात आलं की मी देवाकडे काय मागतेय. त्या बाईची चूक निघू दे, असं.

११ मार्च

जाऊबाई चार दिवस बाहेर आल्या नाहीत. आज मी त्यांच्याकडे जेवण घेऊन गेले. पुन्हा भिंतीकडे तोंड.

"टोमॅटो उपटून टाक," म्हणाल्या. "माझा हातच लागत नाही आता कशाला."

"असं काही नाही हो."

"मग कसं आहे?"

मी ताट नीट करत बसले. थोड्या वेळाने त्या या कुशीवर वळल्या. "त्या बाईला मी उगाच बोलले का गं? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. कांद्याचं म्हणत होती ते मला पटतंय आता."

एवढं दार उघडून दिलं त्यांनी. उंबरठासुद्धा नव्हता. आणि मी म्हणाले, "आधी जेवून घ्या, गार होतंय."

टोमॅटो उपटले. अठरा रोपं. मुळं पांढरी, चांगली होती. ते बघून जास्त वाईट वाटलं.

१३ मार्च

खताच्या कपातला घेवडा वळला. तिन्ही रोपं, शेंड्याला तसाच पीळ. शेजारच्या कपातली ताठ उभी आहेत.

आता खात्री झाली. सबब संपली.

१४ मार्च

सांगितलं नाही. दुकानात गर्दी होती.

गर्दी नव्हती.

१५ मार्च

आधी पाणीबाईकडे गेले. जाऊबाईंना सांगून मग तिच्याकडे जाणं म्हणजे तिला निकाल कळवायला जाणं. ते मला नको होतं.

लाँड्रीच्या मागे, लोखंडी जिन्याने वर तिची खोली. ती पलंगावर चादर अंथरत होती. मला बघून तिने चादरीचं टोक आधी नीट खोचलं आणि मग म्हणाली, "या."

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खत, तणनाशक, कप. म्हणाले, तुझी काही चूक नव्हती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, स्वतःची चूक नाही हे माहीत आहे, असं म्हणतेय.

"तसं नाही, ताई. घोडेवाला काय म्हणाला ते माहीत आहे. पोती उचलायला मीच होते ना तुमच्याबरोबर."

होती. गाडीत माझ्या शेजारी बसून आली होती. सहाच्या सहा पोती तिने चढवली, तिने उतरवली. आत्ता घरी येऊन २७ फेब्रुवारीचं पान काढून बघितलं. ती त्यात कुठेही नाही. 'पोती गाडीत चढवून होईपर्यंत', एवढंच. कुणी चढवली ते मी लिहिलेलंच नाही.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज जरा वरचाच लागला. लाज नाही मला.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. म्हणूनच तुम्हाला विचारलं." ती पलंगाच्या कडेवर बसली. "तुम्ही फिनेल म्हणालात. त्यानंतर मी बोलले असते, तर चूक लपवायला दुसऱ्यावर ढकलते, असं झालं असतं. तुमच्या जाऊबाईंनी कुणाचं खरं मानलं असतं?"



"उद्या सांगते त्यांना," मी म्हणाले.

"तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली आणि उशीला अभ्रा घालायला लागली.

१६ मार्च

सांगितलं. दोन्ही कप घेऊनच गेले. जाऊबाई खुर्चीत बसल्या होत्या, मी कप त्यांच्यासमोर ठेवले आणि पहिल्यापासून सगळं बोलले. घोडेवाल्याचं, आणि पाणीबाईने सगळं ऐकलं होतं तेही.

 त्यांनी वळलेल्या घेवड्याचं पान बोटाने सरळ करून बघितलं, सोडल्यावर ते परत मुडपलं.

"खताचं सोड," त्या म्हणाल्या. "खत कुणाचंही चुकतं. माझ्यासाठीच आणलंस. पण तिने तुला विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस?"

"होऊ शकतं, म्हणाले."

"मी नुसती तणतणत होते गं. संध्याकाळपर्यंत माझा राग गेला असता, माझा स्वभाव तुला माहीत आहे. तिला काढली ती तुझ्या शब्दावर. म्हटलं, ही कधी वाऱ्यावर बोलत नाही."

मी रडायला लागले. त्या बघत राहिल्या. पूर्वी कधी असं झालं असतं तर पदराने डोळे पुसले असते त्यांनी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनीच पुसलेत.

"घरी जा आता," म्हणाल्या. "मला तिच्याकडे कुठल्या तोंडाने जायचं ते ठरवू दे."

१८ मार्च

जाऊबाई बोलत नाहीत. डबा भिंतीवर ठेवते, रिकामा होऊन परत येतो. घासलेला.

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "वहिनी एकदा गप्प झाली की दादाचंसुद्धा चालायचं नाही." मग बराच वेळ पेपर वाचला. पान उलटलं नाही.

१९ मार्च

दुपारी दुकानातून येताना जाऊबाई दिसल्या. रस्त्यावर. काठी टेकत, एकेक पाऊल. ऑपरेशननंतर फाटकाबाहेर आजवर गेल्या होत्या त्या फक्त दवाखान्यात, गाडीतून. मी धावत पुढे झाले तर काठी आडवी धरली. "तू नको."

मी लांबून मागे मागे गेले. लाँड्रीपाशी थांबल्या. लोखंडी जिना काही त्यांना चढता येणार नव्हता. खाली उभं राहून वर हाक मारली. कपड्यांची गाठोडी घेऊन उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. पाणीबाई वरच्या कठड्याशी आली, खाली बघितलं आणि तिथेच थांबली. बराच वेळ. जाऊबाई मान वर करून उभ्या. मग हात जोडले त्यांनी, काठी काखेत धरून.

ती एकेक पायरी उतरत खाली आली. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. ऐकायचा हक्कही नव्हता, म्हणून वळले.

२० मार्च

काही नाही. दुकान, घर. नळाचा आवाज नाही.

२२ मार्च

पाणीबाई आली. कामाला नाही – ती आता रोपवाटिकेत जाते. चारांतले दोन वाफे तिचे, असं दोघींनी ठरवलंय. काय लावायचं, कुणाला द्यायचं ते ती बघणार. बिघडलेली माती उकरून मागच्या पडीक जागेत पसरायची आहे. त्याला मजूर लावायचा नाही, असंही ठरलंय. जाऊबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, नुसतं फावड्याकडे बघितलं.

"सहाला सुरू करायचं," पाणीबाई मला म्हणाली. "माती सांडता कामा नये."

"हो, ताई," मी म्हणाले. ती माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान आहे. कुणी हसलं नाही.