ओसाकाचे दहा आणि मोशीचा फोन

वारजे, पुणे
१२ ऑगस्ट १९९४

प्रिय मित्र सर्जेराव यांस यज्ञेश्वरचा सप्रेम नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो असे कळले, फार बरे वाटले. वहिनींनाही नमस्कार सांगावा. इकडे आम्ही ठणठणीत. कारखानाही ठणठणीत, पण तो बंद पडता पडता वाचला, तेच कळवायला हे पत्र.

आपल्याला ठाऊकच आहे की शिलाई मशीनच्या स्प्रिंगा मी जपानला पाठवणार म्हणत होतो (आपण हसला होता, मी ते मनात ठेवलेले नाही). ओसाकाच्या हायाशी साहेबांना नमुने पसंत पडले. हे काम हुकते तर दिवाळीआधीच शटर खाली ओढावे लागले असते आणि माझ्याबरोबर आमचा कारागीर बजरंगही घरी बसला असता. साहेबांचा फॅक्स आला : सोमवारी आमच्या सकाळी दहाला फोन करतो, भाव ठरवू. त्यांच्या-आपल्या घड्याळात साडेतीन तासांचे अंतर. मी ते दहात मिळवले आणि दुपारचा दीड काढला. वासंती म्हणाली, "अहो, सूर्य आधी त्यांच्याकडे उगवतो. वजा नको का करायला?" मी म्हटले, "सूर्याचे सूर्यापाशी. धंद्यात मिळवायचे असते, वजा करायचे नसते." (गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क असत, पण ते शाळेत.)

सोमवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. मी साखरझोपेत. पलीकडचे गृहस्थ अदबीने म्हणाले, "मोशी मोशी." आता मोशीत माझे कोण आहे? "हे वारजे आहे, मोशी नव्हे," असे सांगून मी फोन ठेवला. पुन्हा घंटी, पुन्हा "मोशी मोशी." तिसऱ्या वेळी मात्र मी विचारले, "तुमच्या मोशीत लोक झोपत नाहीत का हो?" आणि रिसीव्हर काढून बाजूला ठेवला.

दुपारी लग्नातला सूट चढवून मी फोनसमोर बसलो. शेजारचे माधवराव आणि आमचा बजरंगही परदेशी बोलणे ऐकायला आले होते. चार वाजले. माधवराव तीन चहा पिऊन गेले. मग वासंतीने शांतपणे विचारले, "सकाळचे मोशीकर आणखी काही म्हणाले का?" तेव्हा मला आठवले, ते मध्येच "यज्ञेश्वर-सान" असे काहीसे म्हणाले होते. (जपानीत 'हॅलो'ला 'मोशी मोशी' म्हणतात आणि 'सान' म्हणजे आपले 'राव', हे मागाहून कळले.) सर्जेराव, सुटाच्या आत मला दरदरून घाम फुटला. बजरंगकडे बघायचा धीर होईना.

पण दुसऱ्या दिवशी फॅक्स आला! साहेब लिहितात : इतक्या पहाटे, इतक्या ठामपणे बोलणारा कारखानदार मी पाहिला नाही, भाव फोनवर नको, पुढच्या गुरुवारी स्वतः येऊन ठरवतो. धंद्यात ठामपणा लागतो, हे मी पहिल्यापासून सांगत आलो.

असो. प्रकृतीस जपावे, मैत्री आहे तशीच ठेवावी.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. : माझा कारखाना मोटार-गॅरेजात आहे, हे साहेबांना लिहायचे राहून गेले. त्यामुळे विश्रांतवाडीची तुमची मोठी शेड गुरुवारपुरती लागेल. पत्ता मी कळवून टाकला आहे.

आणखी एक : साहेब दहाला येतात. कुठले दहा, ते विचारले नाही. तेव्हा साडेसहापासून दारात असावे. त्या दिवशी तुम्ही माझे मॅनेजर. साहेबांदेखत मला "यज्ञ्या" म्हणू नये.