डावा पाय ओढत गेलेली पावलं

खालचीवाडी, ता. मालवण
८ डिसेंबर २०२४

चि. जितेंद्र यास महादूकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि हात थरथरतो, एक पान लिहायला तीन दिवस लागतात.

तुझ्या कंपनीचं यंत्र आलं. गंगाराम पहाटे ट्रॅक्टरने किनारा सपाट करतो आणि मागचा रूळ वाळूत मोठमोठी अक्षरं उमटवत जातो. आपला बाबली पर्यटकांना पॅराशूटने वर उडवतो ना, तो सांगतो की वरून अक्षरं पाटीवर लिहिल्यासारखी दिसतात. मला खालून नुसते खड्डे दिसतात. हापूसच्या मुलखात येऊन बाटलीतल्या आंब्याच्या रसाची जाहिरात करणारा तूच एक. तरी ग्रामसभेत लोक कुरकुरले तेव्हा मीच उठून म्हटलं, आपल्या घरातलं पोर आहे, करू द्या.

आता काळजीचं. तुझ्या सावित्रीकाकीचं विसरणं वाढलंय. उजाडायच्या आत 'रापण ओढूक जातंय' म्हणते, मासळीची पाटी घेते आणि किनाऱ्याने चालू लागते. ते जाळं ओढायला सगळी वाडी जमायची, त्याला बारा वर्षं झाली. एकदा दाराला कडी घातली तर तिने कपाळ फोडून घेतलं. तेव्हापासून जाऊ देतो. माझे गुडघे तिच्या चालीला पुरत नाहीत. पण ती डावा पाय ओढत चालते, वाळूत रेघ उमटते. त्या रेघेमागून जातो, कुठेतरी बसलेली सापडते, हात धरून आणतो. आठ महिन्यांत एकदाही चुकलो नव्हतो. आता ट्रॅक्टर माझ्याआधी जातो आणि सगळं पुसून टाकतो. सोमवारी ती खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात होती. बाबलीने पाहिली म्हणून वाचली.

सुरूच्या झाडांच्या कडेची चार हात वाळू तेवढी सोडा. गंगाराम म्हणतो, वरून हुकूम हवा. म्हणून काकीचे दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने काढून पाठवतोय, डाव्याची रेघही काढली आहे. तुमच्या साहेबांना दाखव, म्हणजे असं पाऊल दुसऱ्या कुणाचं नसतं हे त्यांना पटेल. काढताना ती गुदगुल्या होतात म्हणून हसत होती. पुष्कळ दिवसांनी हसली.

आम्हाला दुसरं कोण आहे? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा काका
महादू


मुंबई
२१ डिसेंबर २०२४

ती. स्व. महादूकाकांस जितेंद्रचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाळूचं साहेबांशी बोललो. रसवाल्यांना सगळा किनारा लागतो, ते वरून फोटो काढून तपासतात. सीझन संपला की पट्टा सोडायला लावतो, तोवर सांभाळून घ्या. सोबत घड्याळ पाठवतोय. ते काकीच्या मनगटावर बांधा, ती कुठे आहे ते बाबलीच्या मोबाइलवर दिसेल.

काकीच्या पावलांचा कागद मी ऑफिसात भिंतीवर लावला. आमच्या मॅडमनी सगळी हकीगत विचारून घेतली, त्यांचे डोळे भरून आले. त्यातूनच एक कल्पना निघाली आहे. नवीन वर्षात किनाऱ्यावर गंमत दिसेल, आताच सांगत नाही. काकीला म्हणावं, तिचं पाऊल आता मोठं नाव काढणार.

सुका बांगडा कमी खा. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय हे मला दवाखान्यातल्या दीपिकाने कळवलंय, लपवू नका. काकीला नमस्कार. आशीर्वाद असू द्यावेत.

तुमचा
जितू


खालचीवाडी
२७ जानेवारी २०२५

चि. जितेंद्र यास आशीर्वाद.

तू आलास, आठ दिवस माझ्याबरोबर शोधलंस. तेव्हा तोंडाने सांगता आलं नाही ते लिहितो.

घड्याळ तिने दुसऱ्याच दिवशी काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. तीन तारखेला सकाळी मी किनाऱ्यावर उतरलो तर समोर पावलं. उजवं, डावं, डाव्यामागे रेघ. मला वाटलं, जितूने शब्द टाकला, गंगारामने वाळू सोडली. मनात तुला आशीर्वाद दिला. इतकी स्पष्ट पावलं कधी पाहिली नव्हती, म्हणून घाईसुद्धा केली नाही. उत्तरेला चालत राहिलो. ती पावलं थेट तुमच्या रसाच्या दुकानापाशी संपली. तिथली मुलगी हसून बाटली पुढे करत म्हणाली, "आजोबा, पावलांमागून पहिलो येतलो, तेका फुकट."

मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं. सगळ्या रेघा एकाच लांबीच्या होत्या. हिच्या कधी दोन सारख्या नसायच्या.

दक्षिणेला खाडीपाशी पोचेपर्यंत भरती आली होती. पाटी सापडली, ती तू पाहिलीस. बांद्यापासून तळेऱ्यापर्यंत जिल्हाभर तू तिचे फोटो लावलेस, अजून कुणाचा निरोप नाही. बाबली पुढच्या विधींचं बोलतो. मी ऐकू न आल्यासारखं करतो. कान गेल्याचा तेवढा उपयोग आहे.

तुझी चूक झाली असं तू पुन्हा पुन्हा लिहू नकोस. कागदावर तिचे पाय मीच धरले होते.

रूळ अजून रोज फिरतो. तू बंद करायला लावतोयस, पण दिवस ठरला नाही असं लिहिलंस. मी रोज जातो. पावलं खोटी आहेत हे ठाऊक असून दुकानापर्यंत जातो. त्यांवर पाय पडू देत नाही, बाजूने चालतो. पर्यटकांची मुलं त्यांत पाय ठेवून फोटो काढतात, त्यांना काय सांगणार?

एवढंच कर. यंत्राचा शेवटचा दिवस कोणता, ते ठरल्याबरोबर कळव. त्याच्या दुसऱ्या दिवशी वाळूवर तशी रेघ दिसली तर ती हिचीच असेल, आणि मला लवकर निघायला हवं. पोस्टमन आला की मी फाटकापर्यंत जातो. उशीर करू नकोस.

तुझा काका
महादू