रोशनीच्या बाबांना फोन लाव

५ जानेवारी २०२५, रविवार
वायफाय लागलं एकदाचं! हिंगणीत आमच्या घरात रेंज म्हणून नाही, बोलायचं तर गच्चीवर जा. आता मोबाइल तोच, नंबर तोच, फक्त कॉल वायफायवरून जातो. रोशनी, आमची लेक, नागपूरहून खास त्यासाठी आली होती. बटणंही दाबायची नाहीत म्हणे. फोनमधल्या बाईला लांबूनच हाक मारायची, नाव सांगायचं — की लागला फोन.
यांना पटलं नाही. लाइट गेली की तुमचं वायफाय गेलं, म्हणाले. खरं आहे. पण बोलायलाच हवं होतं का?

६ जानेवारी
रोशनीशी चुलीपासून बोलले. भाजी करपली.

७ जानेवारी
बाईला सांगितलं, रोशनीच्या बाबांना फोन लाव. असं कोणी नाही म्हणते! पोरीनं नंबर यांच्या नावानं ठेवलाय. आता मी यांचं नाव कसं घेऊ? चौतीस वर्षांत उखाण्याबाहेर घेतलं नाही. सासूबाई सांगून गेल्यात — नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. रोशनी हसते. हसू दे.

९ जानेवारी
पाय प्लास्टरमध्ये. वर्ध्याच्या दवाखान्यातून आज घरी आणलं. लिहून ठेवते.
काल सकाळी यांच्याशी वाजलं. पुन्हा तेच, वायफाय. यांनी साखरेच्या आजाराचं इंजेक्शन घेतलं होतं, ताट वाढलं होतं. तसेच न जेवता उठून वाडीत वांगी तोडायला गेले. मीही थांबवलं नाही. रागच आला होता.
सव्वादहाला मोरीत पाय घसरला. उठताच येईना. फोन समोर फळीवर, चार्जिंगला. शेजारपाजार सगळा शेतात. रोशनीला लावायला सांगितलं, पण ती शाळेत शिकवते, फोन एक वाजेपर्यंत कपाटात. त्यात अकराला लाइट जाणार होती, दुरुस्तीसाठी. म्हणजे वायफायही जाणार. राहिलं यांचं नाव.
अर्धा तास तशीच पडून होते. नाव काढलं नाही. मग वाटलं — उखाण्यात चालतं ना! बाईला हाक मारली आणि म्हटलं,
"कोथिंबिरीच्या जुडीला सुतळीचा फेर, बंडूजींचं नाव घेते, नका करू उशीर."
ती कोथिंबीर वडी कशी करायची ते सांगायला लागली.
शेवटी डोळे मिटले आणि सरळ म्हटलं, बंडूजींना फोन लाव. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ओरडलेच, तेव्हा उचलला. अकराला पाच कमी होते. पडले, या — एवढंच बोलले.
वाडी दहा मिनिटांवर. हे आले साडेअकराला! उशीर का विचारलं, तर गाडी बघायला निघाले. रुसून मुद्दाम उचलला नसणार, दुसरं काय! मी इथे मोरीत विव्हळतेय आणि यांचा रुसवा चाललाय.

१२ जानेवारी
स्वयंपाक हेच करतात. भाकरी जाड. मी बोलत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या यशोदाबाई वाण घेऊन घरीच आल्या. उखाणा घ्या म्हणाल्या. नाही घेतला. नाव घेतलं, तेही तीनदा, उखाण्याबाहेर. यांना काही झालं तर माझ्यामुळेच होईल. राग आहे, पण भीती त्याहून जास्त आहे. सकाळपासून दोनदा यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. काय झालं, विचारत होते. काही नाही म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार
रोशनी आली. आल्या आल्या बाबांना रागावली — आई पडली होती आणि तुम्ही दोनदा फोन उचलला नाही?
हे म्हणाले, "उपाशी इंजेक्शन घेऊन गेलतो. वांग्यात पडेल होतो मी. डोये मिटून राह्यले होते. फोन आयकू ये, पण हात नाई उठे. तिसऱ्यांदा वाजला तवा कुठं जाग आली. मंग खिशातला गूळ खाल्ला, बसलो थोडा, अन् आलो. तुयी माय घाबरन म्हणून सांगतलं नाई."
रोशनीला म्हटलं, बाबांना आधी वाढ.