केबल बदलताना

मंगळवार, १४ मे

ती. दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? रविवारी आईशी बोलले. तू दिवसभर घरी असतोस म्हणून ती खूश आहे. का असतोस ते तू तिला सांगितलेलं दिसत नाही. मीही सांगितलं नाही.

माझं बरं चाललंय. गेला आठवडाभर पंपावर काम केलेल्या आम्हा चौघांना कंपनीत एकाच खोलीत बसवतात, दाराशीच फोन काढून घेतात. जेवायलासुद्धा साहेब बरोबर येतात. तुमच्या हॉस्पिटलची चौकशी संपेपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असा हुकूम आहे.

मी नक्की काय काम करते हे तू कितीदा विचारलंस, मी दर वेळी हसण्यावारी नेलं. आज सांगते. औषधाच्या पंपाला यूएसबीचं एकच पोर्ट आहे. त्यात पेनड्राइव्ह लावला की पंप होस्ट होतो, म्हणजे हुकूम त्याचा चालतो. त्याच पोर्टात कॉम्प्युटरची केबल लावली की पंप डिव्हाइस होतो, कॉम्प्युटर विचारेल तेवढंच सांगतो. ही अदलाबदल करणारा ड्रायव्हर, म्हणजे पंपाच्या आतला प्रोग्राम, मी लिहिलाय. आधीचं काम आवरायचं, मगच दुसरी भूमिका घ्यायची, एवढंच त्याचं काम. पण पंप पेनड्राइव्हवर नोंदी लिहीत असताना तो काढून लगेच केबल लावली, तर अदलाबदल त्या लिहिण्याची वाट बघत बसते आणि लिहिणं अदलाबदलीची. दोघंही हलत नाहीत. स्क्रीन थिजतो, औषध थांबतं, आणि अलार्मचा निरोपही त्यांच्याच मागे रांगेत उभा राहतो.

तुझ्या वॉर्डात त्या आजींच्या पंपाचं अकरा मिनिटं हेच झालं.

तू काही चुकला नाहीस. थांबून मग केबल लावा, असं आमच्या पुस्तिकेत कुठेही नाही. ‘टेक्निशियनने निष्काळजीपणे केबल बदलली’ हे वाक्य साहेबांनी तुमच्या हॉस्पिटलला लिहून पाठवलं तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत होते.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. ‘तुमच्या पंपातच काही खोट नसेल ना ग?’

मी म्हटलं, ‘नाही रे, सगळं तपासून देतो आम्ही.’

‘मग माझाच हात चुकला असेल,’ म्हणालास, आणि वर मलाच म्हणालास, ‘तू जेवलीस का?’

दादा, मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. तपासणीत साठ वेळा अदलाबदल केली, एकदा पंप अडकला. कारणही कळलं होतं. नीट दुरुस्त करायचं तर पंधरा दिवस लागले असते. मी मध्ये अर्ध्या सेकंदाचा थांबा घातला, पुन्हा साठ वेळा करून पाहिलं, अडकला नाही. ‘ठीक’ असं लिहून सही केली. कुणी दबाव आणला नव्हता. मी फार दमले होते, एवढंच.

त्या आजी वाचल्या हे कळलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मग तुझं निलंबन कळलं.

काल साहेबांना म्हटलं, ‘मी चौकशीत खरं सांगणार आहे.’ ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘सांग की. सही तुझ्या एकटीची आहे.’ आणि चहा मागवला.

फेब्रुवारीतल्या तपासणीची नोंद माझ्या वहीत होती. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. दुसरी आज सकाळी चौकशी समितीला रजिस्टर टपालाने पाठवली. तरीही दुरुस्तीसाठी उद्या मला त्याच खोलीत जाऊन बसायचं आहे. बाकीचे पंप अजून वॉर्डावॉर्डांत चालू आहेत आणि तो कोड माझ्याशिवाय कुणाला उलगडत नाही. हाकलून देतील तेव्हा देतील. तोवर तुझ्या जागी जो आला असेल त्याला आजच सांग, पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असताना त्याला हात लावायचा नाही.

मला फोन करू नकोस. तू ‘जाऊ दे ग’ म्हणशील, आणि मी जाऊ देईन.

तू म्हणशील तोवर तुझी,
धाकटी