चष्म्यातला आवाज

१२ मार्च, मंगळवार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. इथे सगळे मजेत. आईचा गुडघा बरा झालाय, त्यामुळे तिला बोलायला विषय उरलेला नाही. बाबा दिसेल त्याला तुझा फोटो दाखवतात. काल गॅसवाल्यालाही दाखवला. मी शाळेत मुलींना नेमबाजी शिकवते. दोघी शिकतात, बाकीच्या सेल्फी काढतात.

शिबिरात फोन काढून घेतात, म्हणून पत्र. तुझा सराव कसा चाललाय? तो व्हीआरचा चष्मा लावला की म्हणे अख्खं मैदान दिसतं, प्रेक्षक ओरडतात आणि त्या गोंगाटात तू नेम धरायचास. माझ्या वेळी गोंगाट म्हणून बाबा पातेलं बडवायचे! चैन आहे बाई तुझी.

जाऊ दे. पोटात एक आणि ओठात एक किती वेळ ठेवू?

महिन्यापूर्वी तुमच्या संगणकवाल्या दादांनी मला बोलावलं होतं. "चष्म्यातल्या गर्दीचे टोमणे भरायचेत. हिला काय लागतं ते घरच्यांनाच ठाऊक." मी वीस टोमणे बोलून दिले. आवाज त्यांनी बदलला, म्हणून तू ओळखला नाहीस. काल त्यांचा फोन आला. "ताई, बाकी कशानं ती हलत नाही. तुमच्या एका वाक्याला मात्र दर वेळी हात कापतो. तसली आणखी दहा द्या ना, रविवारच्या निवडीआधी सराव होईल."

कोणतं वाक्य, ते मी विचारलंच नाही, मला ठाऊक होतं. 'ही जागा तुझी नव्हतीच.'

चिमे, मला आनंद झाला. फोन ठेवून मी चक्क हसले. घरात रायफल एकच. बाबांनी ती माझ्याकडून घेऊन तुला दिली, तेव्हा मी "घे गं, तुझीच आहे" म्हणाले. माझे गुण तुझ्याहून चारने कमी होते, बोलणार काय? आठ वर्षांचा जळफळाट त्या माईकपुढे बाहेर पडला.

दहा वाक्यं मी दिली नाहीत. सुचली नाहीत असं नाही, तीस सुचली.

आता ऐक. रविवारी तो आवाज मैदानात नसेल, पण तुझ्या डोक्यात येईल. आला की ओळख, ही ताई. ते वाक्य बोलताना मला पक्कं ठाऊक होतं की जागा तुझीच आहे. नसती, तर मी एवढी जळले असते का? हसू आलं तर हस, श्वास सोड आणि मार गोळी.

तू निवडली गेलीस की मी टाळ्या वाजवेन. दात-ओठ खात, पण वाजवेन.

तुझ्यावर आजही जळणारी,
तुझीच ताई