हरिहरचा प्रोग्रॅम

५ सप्टेंबर ९९, रविवार

आज मानपाडा रोडवर पाहिलं. हरिहरच्या स्कूटरवर मागे मंदा. तिने मला पाहिलं नाही. त्याने पाहिलं — आणि वर हात केला. हात!

याचं उट्टं काढणार. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या थंड पडलो तरी वाचून पुन्हा तापेन.

६ सप्टेंबर

वाचलं. तापलो.

एस.वाय.ला असताना एकाने माझ्या डब्याकडे बघून नाक दाबलं होतं, ‘मासळी बाजार आला’ म्हणाला. मी त्याचं तेच नाक फोडलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी लिहून दे. नाही दिली. कॉलेजच सोडलं. पहिला हात मी उचलला, असं लेखी कोणी दिलं? हरिहरने. ते खरं होतं, म्हणून तर जास्त डोक्यात जातं.

मंदा आमच्याच वर्गातली. तेव्हा म्हणालेली, दोन ओळी लिहून दे ना रे, माझ्यासाठी. मी तिच्यावरही ओरडलो. तेव्हापासून बोलणं बंद. आता हरिहरचा कल्याणला कॉम्प्युटर क्लास आहे, आणि ती तिथे शिकवते.

८ सप्टेंबर

आज कर्णिककाकांकडे तीन वेळा लाइन तुटली. काका रिटायर्ड माणूस, टपालाची जुनी तिकिटं आणि संस्थानांच्या काळातली पाकिटं इंटरनेटवरच्या अमेरिकन लिलावात लावतात. म्हणजे लावतो मी. पाकीट स्कॅन करा, वर्णन टाइप करा, बोली कितीपासून, किती दिवस — एकेक लिस्टिंग हाताने भरायची, तोवर फोनचं मीटर पळतंय. निम्म्यात लाइन गेली की पहिल्यापासून.

काका म्हणाले, ‘‘धाकू, यासाठी सॉफ्टवेअर मिळतं म्हणे. चांगलं आणि स्वस्त असं बघ. दोन्हींपैकी एकच मिळत असेल, तर स्वस्त.’’

घरी आईला सांगितलं. ती रोज पहाटे मासळीच्या लिलावातून पाटी उचलते आणि स्टेशनबाहेर विकते. म्हणाली, ‘‘अमेरिकेतला मानूस हात न लावता, वास न घेता बोली लावतो? त्याचा पत्ता दे मला.’’

१० सप्टेंबर

दोन सापडले. एकाला महिन्याला वीस डॉलर, तेही क्रेडिट कार्डावर. काकांकडे कार्ड नाही. ‘असतं तरी दिलं नसतं’ म्हणाले. बाद.

दुसरा तीस दिवस फुकट, मग चाळीस डॉलर एकदाच. काकांचे मेहुणे न्यू जर्सीला असतात, ते भरतील. उतरवून घ्यायला दोन तास लागले. बसवला. पत्त्यात पाच आकडीच पिनकोड घेतो. डोंबिवलीचा शेवटचा आकडा बाहेर लटकतोय.

१३ सप्टेंबर

गणपती. दर वर्षी मंदाकडे जायचो. यंदा तिच्या बिल्डिंगखाली उभा राहून आरती ऐकली आणि परत आलो.

१६ सप्टेंबर

विश्राम भेटला. तो मंदाच्या खालच्या मजल्यावर राहतो, त्याला सगळं ऐकू येतं. मंदाच्या घरी स्थळं बघणं जोरात आहे. आणि हरिहर जिन्यात तिच्या बाबांशी बोलत होता — नवीन सॉफ्टवेअर काढलंय, दसऱ्यापर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर विषय संपला.

सरळ आहे. आधी धंदा दाखवायचा, मग मागणी घालायची. म्हणजे दसऱ्यापर्यंत ते चालता कामा नये. बस्स. एवढंच करायचं.

१८ सप्टेंबर

तो स्वतःच आला! काकांच्या दारात, हातात फ्लॉपी! लिलावाची लिस्टिंग सांभाळणारा प्रोग्रॅम, बाराशे रुपये, एकदाच. मी आतल्या खोलीत स्कॅनरपाशी, हसू दाबत.

काका म्हणाले, ‘‘मला यातलं कळत नाही. आमचा धाकू वापरून बघेल. तो म्हणेल तसं.’’

मला वाटलं, आता याचा चेहरा पडेल. हा म्हणतो, ‘‘चालेल की. धाकू भांडतो, पण खोटं नाही बोलत.’’

काकांसमोर मला खरेपणाचं सर्टिफिकेट देतोय. थांब तू.

२१ सप्टेंबर

चांगला आहे. फार चांगला आहे. नुसता जळफळाट.

फोन न जोडता निवांत शंभर लिस्टिंग भरा. मग एकदाच लाइन जोडा, पाच मिनिटांत सगळी वर चढतात. लाइन तुटली तर जिथे थांबलं तिथूनच पुढे. लिलाव संपायची अमेरिकेची वेळ टाकली की बाजूला आपली वेळ येते. पिनकोड सहा आकडी! चुकीचं काही भरलं तर चौकट येते, अक्षरं इंग्रजी पण बोलणं मराठी — ‘घाई नको, पुन्हा बघा’.

दुपारभर खोट काढत बसलो. सापडली नाही. अमेरिकन प्रोग्रॅम याच्यापुढे पाणी भरेल. हे लिहितानासुद्धा हात जड झालाय.

२३ सप्टेंबर

केलं.

हरिहरच्या प्रोग्रॅममध्ये काकांची त्रेसष्ट वर्णनं होती. पाच संध्याकाळी भिंग डोळ्याला लावून त्यांनी सांगितलेली — शिक्का कुठला, रंग किती उतरलाय, तिकिटाच्या कडेला दाते किती. मी ती पुसली. पुसताना प्रोग्रॅमने दोनदा विचारलं, नक्की ना? दोनदा हो म्हटलं. मग काकांना हाक मारली, म्हटलं, याने सगळी खाल्ली.

‘‘सगळी?’’

‘‘सगळी.’’

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. भिंग डबीत ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

२४ सप्टेंबर

काकांनी हरिहरला बोलावून फ्लॉपी परत दिली. तो म्हणाला, असं होणं शक्यच नाही, एकदा मशीन बघू द्या. काकांनी नाही म्हटलं. त्यांचा आवाज चढत नाही, पण आज त्यांनी त्याला बसाही म्हटलं नाही.

जाताना हरिहर माझ्याकडे बघत राहिला. मीही डोळे खाली केले नाहीत. ‘‘काही सांगायचंय, धाकू?’’ म्हणाला.

‘‘प्रोग्रॅम नीट लिही,’’ मी म्हटलं.

लेखी साक्ष देतोस काय! घे.

२७ सप्टेंबर

अमेरिकन प्रोग्रॅमचे पैसे आत्ताच भरू म्हटलं, तर काका — पितृपक्ष लागलाय. पंधरवड्यात नवीन खरेदी नको. मेहुण्यांना घटस्थापनेला फोन करू. तोवर फुकट चाललंय तर चालू दे.

चालू दे. वर्णनं सगळी पुन्हा टाइप करतोय. बोटं दुखतात. काकांना निम्मी आठवत नाहीत, पुन्हा एकेक पाकीट काढतात.

३ ऑक्टोबर, रविवार

ठाण्याला तिकीटवाल्यांची बैठक होती. हरिहरचा प्रोग्रॅम आणखी दोघे घेणार होते. काकांनी त्यांना सावध केलं — ‘माझी पाच दिवसांची मेहनत गेली.’ दोघांनीही तिथल्या तिथे नाही म्हटलं. मला तोंडही उघडावं लागलं नाही.

विश्रामची सायकल घेऊन शीळफाट्यापर्यंत मारली आणि परत. नुसता सुसाट. जिंकलो!

घरी आईने बोंबील तळलेले. दोनच खाल्ले. ती म्हणाली, ‘‘काय रं, कुनाशी भांडून आलास?’’ उलट, म्हटलं. आज कोणाशीच नाही.

१० ऑक्टोबर

घटस्थापना. काकांनी आंघोळ करून, टोपी घालून मेहुण्यांना फोन लावला आणि मला म्हणाले, कर सुरू. मी अमेरिकन प्रोग्रॅम सुरू केला. उघडेना. मुदत संपली.

तीस दिवस म्हणजे बसवल्यापासून तीस. पंधरवडा तिकडे कोण पाळतो! काका मुहूर्ताची वाट बघत राहिले आणि मी तारखा मोजल्याच नाहीत. सत्तर लिस्टिंग आत कुलूपबंद. मेहुणे चेक पोस्टाने पाठवणार, मग किल्लीचा नंबर येणार. तीन आठवडे तरी.

काकांनी टोपी काढून ठेवली. मग म्हणाले, ‘‘त्या मुलाला मी जरा जास्तच बोललो. प्रोग्रॅमच्या हातूनही एखादी चूक होते. जाऊन बोलावून आण.’’

१२ ऑक्टोबर

गेलो नाही. काकांना सांगितलं, क्लास बंद होता.

१५ ऑक्टोबर

काकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा बंद होता म्हटलं. ‘‘नवरात्रात कसा बंद?’’ म्हणाले. आता जावंच लागणार. जाईन. विनंती करणार नाही, निरोप देईन. त्याची जिरलेली तरी बघायला मिळेल.

१९ ऑक्टोबर, दसरा

काल गेलो. हरिहर क्लासच्या पायरीवर उभा राहूनच बोलला. प्रोग्रॅम त्याचा नव्हता. मंदाने लिहिलेला, आठ महिने. दसऱ्यापर्यंत तीन गिऱ्हाइकं आण, मग दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही, असं तिचे बाबा म्हणाले होते. आज तिचा साखरपुडा. मुलगा नाशिकचा.

मी विचारलं, मग तेव्हाच तिचं नाव का नाही सांगितलंस?

म्हणाला, ‘‘तिनेच नको म्हटलं. धाकूला कळलं तर प्रोग्रॅम टाकाऊ असला तरी तो चांगलाच म्हणेल. मला खरं ऐकायचंय, म्हणाली.’’